योसेमिटीत तंबू ठोकून राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांना सुट्टी लागली की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी घरांमध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा विषय निघतोच. त्याच सुमारास भारतातून कुणाचे ना कुणाचे आई-बाबा आलेले असतात. मग दरवर्षी तेच प्रश्न फिरून येतात: बुकिंग कसं करायचं, थंडी किती, अस्वल येतं का, वरण-भात शिजेल का. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अस्वलाबद्दलचं उत्तर मुद्दाम लांब लिहिलं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचाच.

उन्हाळ्यात नेमकं कधी जावं?

धबधबे बघायचे असतील तर मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत. आपल्याकडे आंबोली, ठोसेघर ऑगस्टात भरात असतात, त्यामुळे आई-बाबांना वाटतं की उशिरा गेलं तरी चालेल. इथे उलटं आहे. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा असतो आणि इथले धबधबे सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या वितळणाऱ्या बर्फावर चालतात. बर्फ संपला की पाणी आटतं. ७३९ मीटर उंचीचा योसेमिटी फॉल्स ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा नुसता कोरडा कडा असतो. ब्रायडलव्हेल आणि व्हर्नल चालू असतात, पण बारीक धारेनं.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर उद्यानातल्या मुख्य दरीचा हट्ट सोडा आणि वर, उंचावरच्या तुऑलमी मेडोजकडे जा. तिथली कुरणं तेव्हा हिरवीगार असतात. मात्र तिकडे नेणारा टायोगा रोड हिवाळाभर बंद असतो. तो साधारण मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये उघडतो. बर्फ जास्त पडला तर त्याहूनही उशीर होतो. २०२३ मध्ये तो जुलैच्या उत्तरार्धात उघडला होता.

साइट (तंबू लावायची जागा) मिळतच नाही. बुकिंगची युक्ती काय?

युक्ती नाही, तारीख लक्षात ठेवायची. दरीतल्या साइट्सचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. उन्हाळ्यातल्या साइट्स साधारण पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता एक-एक महिन्याच्या गठ्ठ्याने खुल्या होतात. म्हणजे १५ जून ते १४ जुलैच्या साइट्स १५ जानेवारीला. त्या मिनिटभरात संपतात, यात अतिशयोक्ती नाही. खातं आधी उघडून ठेवा, कोणत्या कॅम्पग्राउंडमधल्या कोणत्या साइट्स हव्यात ते लिहून ठेवा, आणि घरातल्या दोघांनी दोन वेगवेगळ्या साइट्ससाठी प्रयत्न करा. शनिवार-रविवारऐवजी सोमवार ते गुरुवार चालत असेल तर शक्यता बरीच वाढते.

तेव्हा हुकलं तरी आशा सोडू नका. लोक बुकिंग रद्द करत असतात, विशेषतः तारीख जवळ आल्यावर. रोज सकाळी डोकावत राहा. टामारॅक फ्लॅट, योसेमिटी क्रीक, पॉर्क्युपाइन फ्लॅट अशा वरच्या, साध्या कॅम्पग्राउंड्सच्या साइट्स दोनच आठवडे आधी खुल्या होतात. नियम कॅम्पग्राउंडनुसार आणि वर्षानुसार थोडे बदलतात, म्हणून डिसेंबरमध्येच पार्कच्या पानावर नजर टाका.

ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याने ओळखपत्रासह हजर असायला हवं. मित्राच्या नावाची साइट आपण जाऊन वापरू, हे चालत नाही.

आम्ही चार कुटुंबं आहोत. एका साइटवर किती जण राहू शकतात?

लहान मुलं धरून जास्तीत जास्त सहा माणसं आणि दोन गाड्या. चार कुटुंबांना तीन-चार साइट्स लागतील, आणि त्या शेजारी-शेजारी मिळतीलच असं नाही. दोन कुटुंबं मिळून जाणं सगळ्यांत सोयीचं. मोठा गट घेऊन जायची हौस असेल तर ती जवळच्या स्टेट पार्कमध्ये भागवा.

कोणतं कॅम्पग्राउंड चांगलं?

पहिल्यांदा जात असाल तर दरीतलं अप्पर, लोअर किंवा नॉर्थ पाइन्स. तिन्ही साधारण १,२०० मीटर उंचीवर आहेत. फ्लशचे संडास आहेत, मोफत शटल जवळून जाते, मुलांना सायकली चालवता येतात. लोअर आणि नॉर्थ पाइन्सच्या काही साइट्स मर्सेड नदीच्या अगदी काठाला आहेत. दिसायला सुंदर, पण घरात चालायला लागलेलं मूल असेल तर नदीकाठची साइट घेऊ नका.

शांतता हवी असेल तर दक्षिणेला वावोना किंवा वर तुऑलमी मेडोज. तुऑलमी २,६०० मीटरवर आहे. तिथलं कॅम्पग्राउंड दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद होतं, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. माझं मत विचाराल तर दुसऱ्या खेपेला तिथेच जावं. दरीत तुम्ही कड्यांकडे मान वर करून बघता. तुऑलमीत ग्रॅनाइटचे घुमट शेजाऱ्यासारखे समोर बसलेले असतात, मुलंसुद्धा त्यांच्यावर चढून येतात.

प्रवेश शुल्क किती? भारतातून आलेल्या आई-बाबांचं वेगळं भरावं लागतं का?

गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. मात्र २०२६ पासून योसेमिटीसह अकरा मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षांवरील पाहुण्यांसाठी माणशी १०० डॉलरचं वेगळं शुल्क लागू झालं आहे. एकाच सहलीत दोन-तीन उद्यानं करणार असाल तर अशा पाहुण्यांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पासही आहे. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर ताजे नियम बघा आणि आई-बाबांचे पासपोर्ट बरोबर ठेवा. प्रवेशद्वारावर रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं.

कोणत्या रस्त्याने जावं?

बे एरियातून चार-साडेचार तास धरा. १२० नंबरचा रस्ता जवळचा, पण ग्रोव्हलँडच्या अलीकडे प्रीस्ट ग्रेडचा घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी मर्सेड-मारिपोसावरून जाणारा १४० बरा. तो शेवटी नदीच्या कडेकडेने दरीत शिरतो. दरीत पेट्रोल मिळत नाही, टाकी आधीच भरा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत प्रवेशद्वार ओलांडलं तर ठीक. त्यानंतर रांगा लागतात आणि पार्किंगच्या शोधात अर्धा दिवस जातो. वर्षाला सुमारे ४० लाख माणसं इथे येतात आणि त्यातली बहुतेक या एका चिंचोळ्या दरीतच येतात.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना तंबूत झोपवणं जमेल का?

जमतं, पण त्यांना आधी विचारा. गुडघे दुखत असतील तर जमिनीवरून उठणं हाच मोठा त्रास असतो. उंच तंबू, घडीची खाट आणि त्यावर जाड गादी एवढी सोय केली तर झोप लागते. संडासाजवळची, पण अगदी दाराशी नसलेली साइट घ्या. रात्री उठावं लागतं, म्हणून प्रत्येकाला स्वतःची डोक्याला बांधायची बॅटरी द्या.

तंबू नकोच असेल तर दरीतच हाउसकीपिंग कॅम्प आहे. तीन बाजूंनी सिमेंटच्या भिंती, वर कापडी छत, आत पलंग, आणि बाहेर स्वयंपाक करायला परवानगी. करी व्हिलेजच्या कापडी खोल्यांमध्ये स्वयंपाक करता येत नाही, हा फरक बुकिंग करताना ध्यानात ठेवा.

पहिल्याच रात्री त्यांना तुऑलमीला नेऊ नका. समुद्रसपाटीवरून थेट २,६०० मीटरवर गेलं की डोकं दुखणं, झोप न लागणं, धाप लागणं असे त्रास होऊ शकतात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा. मोठं रुग्णालय तासाभराहून लांब आहे. औषधं दोन दिवसांची जास्त घ्या आणि पाहुण्यांच्या वैद्यकीय विम्याचे कागद गाडीत असू द्या.

रात्री थंडी किती असते?

जुलैत दरीत दुपारी ३२ अंशांच्या आसपास आणि पहाटे १२-१३ अंश. तुऑलमीत दुपारी २१ आणि पहाटे ३-४ अंश, कधी दवाचा बर्फ होतो. स्लीपिंग बॅगवर लिहिलेल्या तापमानावर भरवसा ठेवू नका, ते बहुधा जेमतेम सहन होणारं तापमान असतं. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि आईची शाल घ्याच. जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैत तुऑलमीत डासही भरपूर असतात.

अस्वल खरंच येतं का?

येतं. पार्कमध्ये काही शे काळी अस्वलं आहेत. नाव काळं असलं तरी अनेकांचा रंग तपकिरी असतो, म्हणून लोकांना ती ग्रिझली जातीची मोठी अस्वलं वाटतात. ग्रिझली कॅलिफोर्नियातून १९२०च्या दशकातच नाहीशी झाली. आता ती राज्याच्या झेंड्यावर आहे. काळं अस्वल गवत, बोरं, ओकची फळं आणि मुंग्या-किडे खाऊन राहतं. योसेमिटीत अस्वलाने माणूस मारल्याची किंवा गंभीर जखमी केल्याची नोंद नाही. तेव्हा तुमच्या जिवाची भीती बाळगायचं कारण नाही. धोका अस्वलाला आहे, आणि तो आपल्या डब्यातून सुरू होतो.

अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण असतं. एकदा माणसाच्या अन्नाची चव कळली की ते जंगलात हिंडून पोट भरायच्या ऐवजी गाड्यांची दारं वाकवून उघडायला शिकतं. मादी ते पिल्लांना शिकवते. माणसांना न घाबरणारं, अंगावर येऊ लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. दुसरीकडे नेऊन सोडलं तरी ते बहुधा परत येतं. १९२० आणि ३०च्या दशकांत पार्कचेच लोक प्रवाशांच्या करमणुकीसाठी अस्वलांना कचरा खायला घालत. त्या सवयीचे परिणाम पुढे अनेक वर्षं भोगावे लागले. १९९८ साली अस्वलांनी गाड्या फोडल्याच्या, अन्न पळवल्याच्या दीड हजारांहून जास्त घटना घडल्या. त्यानंतर अन्न ठेवायच्या लोखंडी पेट्या वाढवल्या (आता प्रत्येक साइटवर एक असते), नियम कडक केले, आणि आकडा खूप खाली आला. तो खाली ठेवणं आपल्या हातात आहे. एका कुटुंबाचा आळस एका जनावराच्या मुळावर येऊ शकतो.

अस्वल कॅम्पमध्ये शिरलं तर सगळ्यांनी एकत्र उभं राहून मोठमोठ्याने ओरडा, ताटं वाजवा, पण त्याला पळायला वाट मोकळी ठेवा. पायवाटेवर, वस्तीपासून लांब दिसलं तर ओरडू नका, शांतपणे निदान ४५ मीटर अंतर राखा. फोटोसाठी जवळ जाणाऱ्या मुलाला आधी मागे ओढा. आणि गाडी सावकाश चालवा. रस्त्याकडेला लाल अस्वलाचं चित्र असलेल्या पाट्या दिसतील. जिथे गाडीने अस्वलाला धडक दिली तिथे त्या लावलेल्या असतात.

पेटीत नेमकं काय ठेवायचं? मसाल्याचा डबासुद्धा?

ज्याला वास आहे ते सगळं. मसाल्याचा डबा, हिंग, लोणचं, चहाची पूड, बंद पाकिटातलं फरसाण, न उघडलेला कॅन, बाळाची दुधाची पावडर. आणि जे लोक विसरतात ते: टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, सनस्क्रीन, डासांचं मलम, आजीच्या पिशवीतली सुपारी आणि आवळाकाठी, बाबांच्या खिशातल्या खोकल्याच्या गोळ्या, पूजेची उदबत्ती. रिकामा कूलरही पेटीतच. गाडीत अंधार पडल्यावर काहीही ठेवता येत नाही, डिकीतसुद्धा. मुलांच्या कारसीटमध्ये अडकलेले चिवड्याचे दाणे घरीच झटकून या. तंबूत खायचं नाही, बिस्किटही नाही.

पेटी साधारण ११४ सेंटिमीटर रुंद, ८४ खोल आणि ४६ उंच असते. दोन कुटुंबांचं सामान त्यात बसवायचं म्हणजे मोठा कूलर एकच घ्यावा लागतो. घरी मोजून बघा. दार दिवसाही लावलेलं आणि कडी घातलेली हवी. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून उघडी सोडलेली पेटी खारी आणि कावळेही सोडत नाहीत.

खरकट्याचं काय, हा खरा प्रश्न आपल्या घरांत असतो, कारण आपला स्वयंपाक साग्रसंगीत होतो. भांडी जेवण झाल्या-झाल्या घासायची, सकाळवर ठेवायची नाहीत. नळाखाली किंवा नदीत घासायची नाहीत. दोन टब घ्या, एकात घासा, एकात विसळा. उरलेलं अन्न आणि गाळलेलं खरकटं पिशवीत बांधून झाकणाच्या कुंडीत टाका. शेकोटीत टाकलेला भात जळत नाही, नुसता वास पसरवतो.

मग स्वयंपाक काय करावा?

सोपा करावा. भाजणी घरून मळून नाही, पीठ कोरडं न्यावं. थालीपीठ तव्यावर पंधरा मिनिटांत होतं. सकाळी पोहे किंवा उपमा, रात्री मुगाची खिचडी, मेतकूट, भाजलेला पापड. पिठलं-भात आणि लसणाची चटणी असली की मुलंही तक्रार करत नाहीत. कांदा, आलं-लसूण, मिरची घरी चिरून-वाटून न्या, तिथे कचरा कमी होतो.

तुऑलमीला जाणार असाल तर लहान प्रेशर कुकर घ्याच. तितक्या उंचीवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कच्ची राहते. दरीत हा त्रास फारसा जाणवत नाही. शिट्ट्या मात्र रात्री दहाच्या आत संपवा.

शेकोटी करता येते का?

साइटवरच्या लोखंडी कड्यात करता येते. मे ते सप्टेंबर दरीत फक्त संध्याकाळी ५ ते १०. दरीत पडलेली लाकडं गोळा करायला मनाई आहे. लाकूड तिथेच विकत घ्या, घरून नेऊ नका, त्यातून झाडं मारणारे किडे पसरतात. झोपण्यापूर्वी पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि राखेला हात लावता येईल इतकी गार झाल्याशिवाय उठू नका.

अंघोळीची सोय?

कॅम्पग्राउंडमध्ये नाही. करी व्हिलेजला पैसे देऊन शॉवर मिळतो.

नदीत मुलांना खेळू द्यावं का?

मे-जूनमध्ये नाही. मर्सेड तेव्हा बर्फाच्या पाण्याने फुगलेली असते. वरून संथ दिसते, पण हातपाय काही मिनिटांत बधिर होतात आणि ओढ मोठ्या माणसालाही आवरत नाही. जुलैच्या मध्यानंतर पाणी उतरतं, तेव्हा वाळूचे काठ बघून, मुलाच्या हाताच्या अंतरावर राहून घोट्याएवढ्या पाण्यात खेळू द्या.

धबधब्याच्या वरच्या बाजूला मात्र कधीही, कोणत्याही महिन्यात पाण्यात उतरू नका. व्हर्नल फॉलच्या माथ्यावरचं पाणी हिरवंगार आणि शांत दिसतं. कठड्यापलीकडे फोटोसाठी उतरलेली माणसं तिथून वाहून गेली आहेत. गुळगुळीत ग्रॅनाइटवर पाय ठरत नाही. हे वाक्य सोबतच्या प्रत्येकाला वाचून दाखवा, विशेषतः कॉलेजातल्या मुलांना.

दोन दिवसांत काय बघावं?

कमी बघा. पहिल्या दिवशी सकाळी लोअर योसेमिटी फॉलची दीड किलोमीटरची सपाट फेरी. ती आजी-आजोबांनाही जमते. दुपारी साइटवर पडून राहा. संध्याकाळी कुक्स मेडो या कुरणात बसा आणि हाफ डोम या ग्रॅनाइटच्या घुमटावरचा प्रकाश बदलताना बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला व्हर्नल फॉलकडे चढणारी मिस्ट ट्रेल ही पायवाट. व्हर्नलच्या पुलापर्यंत जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटर, चढ आहे पण रस्ता बांधलेला. पुढे माथ्यापर्यंत सहाशेहून जास्त ओल्या दगडी पायऱ्या आहेत, त्या धडधाकट गुडघ्यांसाठी. हाती वेळ उरला तर ग्लेशियर पॉइंट, नाहीतर मारिपोसा ग्रोव्ह. तिथे सुमारे पाचशे मोठे सेक्वोया वृक्ष आहेत आणि त्यातला ग्रिझली जायंट अंदाजे तीन हजार वर्षांचा आहे.

मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका घ्या. ती पूर्ण केली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. मुलं ती फार मनावर घेतात, आणि पेटीचं दार लावलंय का हे तुम्हालाच विचारू लागतात.

आणि हाफ डोम?

तो कुटुंबाच्या कॅम्पिंगमध्ये घुसवू नका. जाऊन-येऊन २२ ते २६ किलोमीटर, जवळपास १,४६० मीटर चढ, आणि शेवटी तारांना धरून उभा खडक. परवान्याची सोडत मार्चमध्ये असते. थोडे परवाने दोन दिवस आधीच्या रोजच्या सोडतीतही मिळतात. ढग जमले तर तारांजवळ जाऊ नका, वीज पडते.

गाणी, अंताक्षरी, स्पीकर?

अंताक्षरी खुशाल, स्पीकर नको. रात्री १० ते सकाळी ६ पूर्ण शांतता पाळायची असते, आणि दहाच्या आधीही शेजारच्या साइटला ऐकू जाईल असं काही नको. तिथे पलीकडे कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं.

वणव्याचा धूर लागला तर?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही शक्यता असतेच. २०१८ च्या फर्ग्युसन वणव्यात जुलै-ऑगस्टमध्ये दरी बंद करावी लागली होती, आणि २०२२ मध्ये मारिपोसा ग्रोव्हजवळच वणवा लागला. निघण्याच्या आदल्या दिवशी हवेची गुणवत्ता बघा. घरात दमा असेल आणि हवा वाईट असेल तर बेत रद्द करा.

इथे आधी कोण राहत होतं? मुलं विचारतात.

या दरीचं जुनं नाव आवानी. इथे ‘आवानीची’ म्हणवणारे लोक आणि मिवोक जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत, काळ्या ओकची फळं दळून-धुवून त्याचं पीठ खात. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकून लावलं. १८६४ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी दरी संरक्षणासाठी कॅलिफोर्नियाच्या हवाली केली, १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. परत आलेल्या मूळ कुटुंबांची शेवटची वस्ती उद्यानाच्याच कारभारात १९६९ मध्ये संपवण्यात आली. दरीतल्या संग्रहालयामागे जुन्या गावाची रचना उभी केलेली आहे. मुलांना तिथे अर्धा तास न्या. १९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निसर्गलेखक जॉन म्यूर यांच्यासोबत इथे तीन रात्री मुक्काम केला, ती गोष्टही सांगा, पण आधी ही.

फोन लागतो का?

कुठे लागतो, कुठे नाही. नकाशे आणि बुकिंगची पावती आधी उतरवून ठेवा, आणि भारतात कुणी फोनची वाट बघत असेल तर दोन दिवस लागणार नाही हे सांगून निघा.

साइट सोडताना काय करायचं?

पेटी रिकामी करून आतून पुसा, कोपऱ्यात सांडलेली साखर राहते. शेकोटीची राख गार आहे का बघा. मग मुलांना रांगेत उभं करून साइटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवा: रबरबँड, चॉकलेटचा कागद, शेंगदाण्याची टरफलं, सगळं उचला. साइट दुपारी बाराच्या आत सोडायची असते, म्हणून सकाळी चहा एकदाच करा.